कविता कळत नाही, सुरुवात कुठून करू?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही यवतमाळकडचे, शिक्षण आयटीआय, शेती सांभाळून गावात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवता. मुलगी नववीत आहे. ती कविता घेऊन येते, "बाबा, याचा अर्थ सांगा ना" म्हणते आणि तुम्ही अडता. गाइडमधला भावार्थ वाचला की कळतो, कविता वाचली की काही हाती लागत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, "लोकांना यात एवढं काय आवडतं? हे या वयात शिकता येईल, की त्याला डोकंच वेगळं लागतं?"

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात हायस्कूलला मराठी शिकवतो. संध्याकाळी गावच्या वाचनालयात मोठ्या माणसांसोबत कविता वाचत बसतो. त्यात कास्तकार आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आहेत. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी खात्रीने देऊ शकतो. वेगळं डोकं लागत नाही. वयही आड येत नाही, उलट चाळिशीनंतर काही कविता जास्त कळतात, कारण त्यात जे घडतं ते आपल्यावर बेतून गेलेलं असतं.

तुमची खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. कविता समोर आली की तुम्ही पहिला प्रश्न विचारता, "अर्थ काय?" हा दोष तुमचा नव्हे, शाळेनेच आपल्याला ही सवय लावली. वर्गात कविता एकदा घाईने वाचायची, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर, मग भावार्थ वहीत. त्यामुळे मनात पक्कं बसलं की कवीला एक साधी गोष्ट सांगायची होती, ती त्याने मुद्दाम अवघड करून लपवली आणि आपलं काम ती उकरून काढणं. असं वाटल्यावर कविता आवडेल कशी? भावार्थ वाचून कविता कळली म्हणणं म्हणजे लग्नपत्रिका वाचून पंगतीत जेवून आलो म्हणणं.

आणि कविता तुम्हाला कळत नाही, हे मला मुळातच मान्य नाही. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असतात, एखादा बेरकी म्हातारा झडती, म्हणजे पोळ्याचं टोमणे मारणारं गाणं, म्हणतो, आणि "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" असा गजर होतो. झडती संपता संपता त्याने सावकाराला किंवा कापसाच्या भावाला टोला हाणला की सगळं गाव एकदम हसतं. बरोबर त्या जागी तुम्हीही हसता. तिथे कोणी भावार्थ सांगायला उभं नसतं. यमक कुठे पडणार याची कानाला चाहूल लागते, टोला कोणाला आहे हे आपोआप कळतं, आणि जे सरळ बोलता येत नाही ते झडतीत बोलून घेतलं हेही कळतं. कविता कळणं याहून वेगळं नसतं.

तुमच्या गावात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसत असतील, पोरी जमून तिची गाणी म्हणत असतील. मुलीला रुसलेल्या सुनेचं गाणं म्हणायला सांगा, "यादवराया राणी घरास येईना कैसी". सासू समजवायला जाते, सासरा जातो, दीर जातो, नणंद जाते. प्रत्येक जण काहीतरी देऊ करतो आणि प्रत्येकाला ती तेच उत्तर देते, येत नाही म्हणून. ओळी जवळपास त्याच, बदलतो फक्त येणारा माणूस आणि दागिना. पोरी टाळ्या वाजवत म्हणतात. शेवटी नवरा येतो. काही गावांत तो मंगळसूत्र देऊ करतो आणि ती निघते. काही गावांत तो म्हणतो, लाल चाबूक देतो, आणि ती म्हणते, चाबूक हवा मला, येते मी घराला. आमच्या वाचनालयात हे गाणं म्हणून झाल्यावर मी एवढंच विचारलं होतं की चाबकाला ती हो का म्हणाली. एक बाई म्हणाल्या, "हो म्हणाली नाही सर, तिला दुसरं म्हणताच येत नव्हतं." बराच वेळ चर्चा चालली. कोणाला ती थट्टा वाटली, कोणाला धाक. सारखी येणारी ओळ आपल्याला गाफील ठेवते आणि शेवटच्या खेपेला एकच शब्द बदलून सगळं गाणं उलटवते, हे मात्र त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. लहानपणापासून म्हटलेल्या गाण्यात ते होतंच.

मग छापील कविता का अडते? मला वाटतं, ती आपण डोळ्यांनी वाचतो आणि बातमीच्या वेगाने वाचतो म्हणून. माझा पहिला आग्रह एवढाच असतो की कविता मोठ्याने वाचा, आणि लागोपाठ दोन-तीनदा वाचा. पहिल्या वाचनात अर्थाची चिंता करू नका. ओळ कुठे थांबते, कुठे धावते, जीभ कुठे अडखळते, तेवढंच ऐका. मग पुस्तकातले प्रश्न बाजूला ठेवून स्वतःला साधे प्रश्न विचारा. कोण बोलतंय? कोणाशी बोलतंय? आपण उभे कुठे आहोत? पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत काय बदललं? आणि मला कुठे खटकलं? "अर्थ काय" हा प्रश्न यांच्यानंतर येतो, आणि तोवर बरेचदा तो विचारायची गरजही उरत नाही.

एक कविता घेऊनच बसू. बालकवींची 'औदुंबर'. आठच ओळी आहेत.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचें गांव चिमुकलें पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढें.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

आता हीच कविता तुमच्या शेताच्या धुऱ्यावर उभं राहून वाचा. ऐल म्हणजे आपल्या बाजूचा काठ, पैल म्हणजे पलीकडचा. तयांतुनि म्हणजे त्यांच्यातून, झांकळुनी म्हणजे झाकोळून. यापलीकडे शब्दार्थ लागत नाहीत.

आधी नजर कशी फिरते ते बघा. सुरुवातीला दोन्ही काठ आणि मधला झरा. मग नजर एकदम लांब, पलीकडच्या टेकडीवरच्या चार घरांवर. तिथून ती हळूहळू आपल्याकडे उतरते, आधी शेतं, मग शेतांतली पायवाट, मग कुरण, मग डोह, मग डोहाचं पाणी, आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. म्हणजे कवी आपल्याला सबंध देखावा फिरवून एका जागी आणून सोडतो. आता रंग मोजा. हिरवा तीनदा येतो, हिरवाळी, हिरवी, हिरव्या. सहाव्या ओळीच्या अर्ध्यापर्यंत हिरवा आहे. त्याच ओळीत काळा येतो आणि नंतर हिरवा पुन्हा येत नाही. ओळ "हिरव्या" शब्दाने सुरू होते आणि "काळ्या डोहाकडे" संपते. हा बदल कवी सांगत नाही, करून दाखवतो.

मग क्रियापदं बघा. झरा वाहतो, पायवाट चालते, काळिमा पसरतो. सगळं हलतंय. बसलेला एकटा औदुंबर. आणि एक गोष्ट आमच्याकडे फार उशिरा कोणाच्या तरी लक्षात आली. या कवितेत माणूस नाही. घरं आहेत, शेतं आहेत, वहिवाटेने पांढरी पडलेली वाट आहे, सगळ्या माणसांच्याच खुणा, पण माणूस एकही दिसत नाही. माणसासारखं वागणारं एकच कोणीतरी आहे, ते म्हणजे पाय पाण्यात टाकून बसलेलं झाड.

आमच्या गटातल्या एका कास्तकाराने सांगितलं, "नाल्याच्या काठचा उंबर असाच असते, धार लागून माती जाते आणि मुळ्या पाण्यात उघड्या पडतात. पाय म्हणजे त्या मुळ्या." शहरातल्या वाचकाला ही ओळ कल्पना वाटेल. तुम्हाला ती पाहिलेली वस्तू वाटेल. हे तुमचं भांडवल आहे, कमीपणा नव्हे. शेतीवर, नदीनाल्यांवर मराठीत जी कविता आहे, तिच्याजवळ तुम्ही पुण्या-मुंबईच्या वाचकाहून लवकर पोचता.

आता अर्थाकडे या. तो औदुंबर म्हणजे कोण? कोणी म्हणतं विरक्त माणूस, कोणी म्हणतं कवीची स्वतःची उदासी, कोणाला काळ्या डोहात मृत्यू दिसतो. जाणकारांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे आणि त्यांचं एकमत नाही. मला स्वतःला "गोड काळिमा" या दोन शब्दांशी थांबावंसं वाटतं. काळिमा एरवी नावाला लागतो, वाईट असतो. इथे तो गोड आहे. दुःख असेलही, पण ते हवंहवंसं आहे, त्यात पाय सोडून बसावंसं वाटतंय. हे मला दिसतं. तुम्हाला दुसरं दिसू शकतं, अट एकच, जे म्हणाल त्याला कवितेतली ओळ दाखवता आली पाहिजे. "मला वाटलं" एवढं पुरत नाही आणि "गाइडमध्ये आहे" हेही पुरत नाही. नुसतं झाड बघून बरं वाटलं आणि पुढे काही सुचलं नाही, तरी कविता वाया गेली असं समजू नका.

कानाबद्दल थोडं अधिक सांगतो, कारण आपल्या गावांत यासाठी वेगळा क्लास लावावा लागत नाही. भजनी मंडळात बसत असाल तर अभंग बोटांवर मोजून बघा. 'मोठा अभंग' म्हणतात त्या प्रकारात दर कडव्याचे चार तुकडे असतात, सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं. "वृक्षवल्ली आम्हां । सोयरीं वनचरें । पक्षीही सुस्वरें । आळविती". दुसऱ्या तुकड्यात एक अक्षर जास्त भरतं, गाताना ते सामावून जातं. शेवटचा चार अक्षरांचा तुकडा तोडका आहे म्हणून तिथे आपोआप दम घेतला जातो आणि बोललेलं मनात बसतं. तुकोबांची एवढी वचनं लोकांच्या तोंडी का राहिली, याचं एक कारण ही बांधणीही आहे.

याच अभंगाचं आणखी एक सांगण्यासारखं आहे. वृक्षारोपणाच्या प्रत्येक बॅनरवर ही पहिली ओळ असते, म्हणून आपण समजतो की हा झाडं लावा सांगणारा अभंग. पुढे वाचा. लगेच तुकोबा म्हणतात, "येणें सुखें रुचे एकांताचा वास". आणि शेवट आहे, "तुका म्हणे होय मनासि संवाद । आपुलाचि वाद आपणांसि". म्हणजे रानात जाऊन हा माणूस स्वतःशी बोलतोय, स्वतःशी भांडतोय. झाडं सोयरी झाली, कारण त्यांच्यात बसून हे भांडण करता येतं. पहिल्याच ओळीवर थांबलेल्याला हे कधीच भेटत नाही. कविता शेवटपर्यंत वाचा, ही सूचना फार साधी वाटते, पण ओळखीच्या कवितांच्या बाबतीत ती सगळ्यात कमी पाळली जाते.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. सगळ्या कवितांना एकच रीत लागू पडत नाही. गझल घ्या. अमरावतीच्या सुरेश भटांनी ती मराठीत घरोघरी नेली. गझलेतला प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींची जोडी, आपापल्या जागी पूर्ण असतो. पहिल्या शेरात प्रेम आणि तिसऱ्यात राजकारण असू शकतं. त्यांना बांधून ठेवतं ते वृत्त, यमक आणि शेवटी पुन्हा पुन्हा येणारा तोच शब्द. तिथे "सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय बदललं" हा माझाच प्रश्न कामाचा नाही. तिथे एकेक शेर सुटा घ्या आणि पहिल्या ओळीने उभी केलेली अपेक्षा दुसरी ओळ कशी पुरी करते किंवा मोडते ते बघा.

मुक्तछंद वेगळा. मूर्तिजापुरात जन्मलेल्या कवी अनिलांनी तो मराठीत रुजवला. तिथे यमक शोधाल तर निराश व्हाल. तिथे विचारायचं की कवीने ओळ इथेच का तोडली. ग्रेस तर आपल्या नागपूरचे, आणि त्यांची कविता दुर्बोध असते अशी तक्रार जुनीच आहे. मी त्यांच्यापासून सुरुवात करू नका म्हणेन, पण घाबरून सोडूही नका. त्यांच्या कवितेचा गद्य अर्थ लावायला गेलं की हातात फार थोडं राहतं. नाद आणि चित्रं यांच्या मागे गेलं तर मनात एक संध्याकाळ उतरते. ज्यांची गाणी झाली, त्या कविता आधी ऐकून घ्या. जुन्या मराठीतलं साहित्य, महानुभावांचं किंवा ज्ञानेश्वरी, याला मात्र टिपांचं पुस्तक लागतंच. तिथे नुसत्या कानावर भागत नाही, आणि टिपा बघण्यात कसली लाज?

घरात आधीपासून कितपत वाचन आहे यानेही फरक पडतो, आणि वाचणारं दुसरं कोणी सोबत आहे का, यानेही. एकट्याने कविता वाचणं जड जातं. तुमच्याकडे मुलगी आहे, म्हणजे सोबत आहेच. तिची परीक्षा आणि तुमची आवड यांची गल्लत तेवढी करू नका. दहावीच्या कृतिपत्रिकेत रसग्रहण येतं, त्यात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशी अंगं मागतात. नावं मोठी आहेत, काम साधं आहे. कवितेत काय सांगितलंय, ते कुठल्या कल्पनांनी आणि चित्रांनी सजवलंय, आणि भाषा कशी वापरलीय. तिने आधी तुमच्यासोबत कविता वाचली, स्वतःला दिसलेल्या दोन गोष्टी वहीत लिहिल्या आणि मग गाइड उघडलं, तर गुण जात नाहीत. गाइड आधी उघडलं की मात्र पोरं स्वतःचं बघणंच बंद करतात. हे मी वर्गात सारखं पाहतो आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

वेळेचं म्हणाल तर खरिपाच्या धावपळीत रोज एक कविता वगैरे नेम धरू नका, तो डवरणीच्या आठवड्यातच मोडेल. आठवड्याला एक कविता घ्या आणि ती तशीच जवळ ठेवा, पाठ होत असेल तर होऊ द्या. पाठ झालेली ओळ वावरात काम करताना आठवते आणि तेव्हा कधी कधी अशी उलगडते की पुस्तक समोर असताना तशी उलगडली नसती. आवडली नाही तर पुढची घ्या. चांगली म्हणवलेली प्रत्येक कविता आवडलीच पाहिजे असं कोणी सांगितलेलं नाही, फक्त का आवडली नाही ते एका वाक्यात स्वतःला सांगून बघा.

सुरुवातीला तीन नावं देतो. बहिणाबाई चौधरी, कारण त्यांची खानदेशी बोली आपल्याला परकी वाटत नाही आणि वस्तू सगळ्या घरातल्या आहेत. बालकवींची वरचीच कविता. आणि तिसरी आपल्या मलकापुरात जन्मलेल्या बी कवींची 'माझी कन्या', जी 'फुलांची ओंजळ' या त्यांच्या 1934 सालच्या संग्रहात मिळेल. ही तुम्ही आणि मुलीने मिळून वाचावी असं मला फार वाटतं. शाळेत श्रीमंत घरच्या, रेशमी पोलकी घातलेल्या मुलींपैकी एकीने गरिबाच्या मुलीला भिकारीण म्हटलंय, ती रडत घरी आलीय आणि बाप तिची समजूत घालतोय. "गाई पाण्यावर काय म्हणुनि आल्या?" असं तो विचारतो, म्हणजे डोळे का भरून आले. थोडे संस्कृत शब्द अडतील, त्यांना ओलांडून पुढे जा. बापाच्या ओळी तुम्ही मोठ्याने वाचा. अगदी शेवटी मुलगी बोलते, ती ओळ तिला वाचू द्या. बाप बोलता बोलता लांबच्या एका गावाला जाण्याचं काढतो. त्याच्या एवढ्या मोठ्या बोलण्यातलं पोरीने नेमकं काय उचललं आणि काय तिला कळलंच नाही, एवढंच एकमेकांना विचारा.